फाटकासमोरचे शिल्प कोणाचे?



कारखान्याच्या फाटकासमोर आपल्या भागाच्या शेतीपरंपरेचे पोलादी शिल्प उभारायचे, हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. कल्पना चांगली आहे, आमचा तिला पाठिंबाच आहे. पण सूचना फलकावर लागलेल्या चित्रात नांगर आहे, खिलारी बैलजोडी आहे, फेटेवाला शेतकरी आहे आणि बस्स, एवढंच! ऊस काय आपल्या पायांनी चालत गव्हाणीत येतो?

ऊस येतो तो कोयत्यावर. आणि मुकादमाच्या हिशेबात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. उचल दोघांची एकत्र, खाडाही एकत्र. ही माणसं सभासद नाहीत, त्यांना सभेत मत नाही. म्हणून शिल्पातही जागा द्यायची नाही काय?

कुणी म्हणेल, मजुराचं शिल्प शोभेल का? मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रॉय चौधरी यांचे श्रमाचे शिल्प १९५९ साली बसले. त्यात पुढारी नाही, धोंडा हलवणारे चार कामगार आहेत. आजही लोक थांबून पाहतात.

आता खर्चाचं. साधे पोलाद पावसाळ्यात गंजते. दर काही वर्षांनी रंग आलाच. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे स्टेनलेस टिकते, पण महाग, आणि उन्हात डोळे दिपवते. आमच्या मते साधेच पोलाद घ्यावे, पाणी साचेल असा खळगा कुठे ठेवू नये आणि रंगाची तरतूद अंदाजपत्रकात आधीच धरावी. बॉयलरच्या बदललेल्या नळ्यांचा ऊस होईल, जुन्या साखळ्यांची मोळी होईल. मिलचा झिजलेला रोलर मात्र बिडाचा असतो, वेल्डिंगला तडकतो. तो चौथऱ्यातच बसवावा. आपल्या वर्कशॉपचे फिटर-वेल्डर हे काम आनंदाने करतील.

शेवटची गोष्ट. सभा भरते सप्टेंबरात, तेव्हा तोडणीवाले आपापल्या गावी असतात. सभेने यंदा फक्त तत्त्वतः मंजुरी द्यावी. हंगाम सुरू झाला की लहान नमुना गाडीतळावर न्यावा आणि तिथल्या बायांना विचारावे, "मोळी अशीच उचलता ना?" त्या नाही म्हणाल्या, तर नमुना बदलावा. घाई काय आहे? लोखंड एकदा उभं राहिलं की आपल्यामागे नातवंडं पाहणार आहेत. त्यांना अर्धाच कोयता दिसू नये, एवढीच आमची विनंती.