पाटीवरच्या लिप्या आणि रस्त्यावरची माणसे

आपल्या महाविद्यालयाचा वार्षिक अंक हाती आला की मी काय करतो, ते आधी प्रामाणिकपणे सांगून टाकतो. मराठी विभाग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, कन्नड विभागातले फोटो तेवढे पाहतो आणि अंक कपाटात ठेवून देतो. मला कन्नड येत नाही असे नाही. मुडबीच्या बाजारात मी कन्नडमध्येच भाव करतो आणि बसमध्ये जागेवरून भांडण झाले तर तेही कन्नडमध्येच करतो. पण दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. त्यामुळे कन्नड वाचायला वेळ लागतो आणि तो वेळ मी देत नाही. या गोष्टीची मला कधी लाज वाटली नव्हती. ती वाटायला भूमध्य समुद्राकाठचे एक बंदर कारण झाले.

त्या बंदराचे नाव हैफा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असेल. 2023 च्या जानेवारीत इस्रायलमधले हे बंदर भारतातील अदानी समूह आणि तिथली गॅडोट कंपनी यांच्या मालकीचे झाले. वर्गात त्यावर चर्चा निघाली, म्हणून मी या गावाविषयी वाचू लागलो. वाटले होते, क्रेन, कंटेनर आणि जकातीचे दर यांपलीकडे काही हाती लागणार नाही. पण पहिलीच गोष्ट निघाली ती आपल्या घरची. 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफा तुर्कांकडून जिंकून घेतले ते म्हैसूर आणि जोधपूर संस्थानांच्या घोडदळांनी. त्यांच्या ब्रिगेडमध्ये हैदराबाद संस्थानाचेही घोडदळ होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे याच तीन संस्थानांच्या स्वारांचे आहेत. आमची मुडबी तेव्हा निजामाच्या हैदराबादेत होती. म्हणजे म्हैसूर आणि आमचा मुलूख 1956 साली एका राज्यात आले, त्याच्या अडतीस वर्षे आधीच दोन्हींकडचे स्वार त्या समुद्राकाठी एका ब्रिगेडमध्ये होते!

हे गाव आहे कार्मेल डोंगराच्या उतारावर. खाली बंदर आणि जुना बाजार, मध्ये वस्त्या, वर हिरवा माथा. खालून वर जायला 1959 साली सुरू झालेली ‘कार्मेलिट’ नावाची भुयारी गाडी आहे. तिला अवघी सहा स्थानके. डोंगरमाथ्यावरच्या फिरायच्या रस्त्यावर उभे राहिले की सगळे बंदर पायाशी दिसते. उतारावरच्या बहाई पंथाच्या बागांना एकोणीस पायऱ्यापायऱ्यांचे टप्पे आहेत आणि आत जायला पैसे पडत नाहीत. इस्रायलमध्ये शनिवारी, म्हणजे शब्बाथला, बहुतेक गावांत बस बंद असते. हैफात मात्र पूर्वीपासून काही बस चालतात. त्यामुळे ज्याच्याकडे मोटार नाही, त्यालाही सुट्टीच्या दिवशी समुद्रावर जाता येते. वादी निस्नास या अरब वस्तीत फलाफल खायला ज्यूही येतात. दुकानांवर, रस्त्यांवर हिब्रू आणि अरबी अशा दोन्ही लिप्या दिसतात.

डोंगराच्या पायथ्याशी एलिया प्रेषिताची गुहा आहे. तिथे ज्यू येतात, ख्रिस्ती येतात, मुसलमान येतात आणि द्रुझही येतात. आणि मराठी बोलणारेही येतात! आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना एके काळी ‘शनवार तेली’ म्हणत, ते एलियाचे मोठे भक्त. अलिबागजवळच्या खंडाळे गावच्या खडकावर एलियाच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून ते त्याचे नाव घेतात. इस्रायलला गेल्यावर त्यांनी हैफाची गुहाही आपली मानली. भाषा माणसाबरोबर सहलीला जाते, ती अशी.

हे वाचून मी भारावून गेलो होतो. पण आणखी वाचले तेव्हा दुसरी बाजूही दिसली. 1948 च्या युद्धात हैफाच्या बहुसंख्य अरब रहिवाशांना गाव सोडावे लागले. जे उरले त्यांची मुले बहुधा अरबी शाळेत जातात आणि ज्यूंची हिब्रू शाळेत. अरब मुलाला पोटासाठी हिब्रू शिकावीच लागते. ज्यू मुलाचे अरबीवाचून काही अडत नाही. 2018 च्या कायद्याने तर अरबीचा राजभाषेचा दर्जाही गेला. म्हणजे पाटीवर दोन लिप्या असल्या तरी त्या पाटीखालून जाणारा प्रत्येक जण दोन्ही वाचतोच असे नाही. शिकण्याचे ओझे एकाच खांद्यावर असते.

इथे मी थांबलो आणि आपल्या अंकाकडे पाहिले. त्याच्याही पाटीवर दोन लिप्या आहेत. मराठी मुलाला नोकरीसाठी कन्नड हवी, म्हणून तो कुरकुरत शिकतो. कन्नड मित्राला मराठी कळते, पण ‘तिचा उपयोग काय’ म्हणून तो वाचत नाही. दोघेही भाषेचा ताळेबंद मांडतो आणि दोघेही तो चुकीचा मांडतो. जमेच्या बाजूला आपण फक्त नोकरी धरतो. शेजारी धरायचा विसरतो.

आपल्या भागाला हे नवे नाही. बसवकल्याण तालुक्यातल्या लाडवंतीत 1817 साली जन्मलेल्या माणिकप्रभूंची पदे मराठीत आहेत, तशी कन्नडमध्येही आहेत. दत्तजयंतीला हुमनाबादजवळच्या माणिकनगरात जी गर्दी लोटते, तिला कुणी माध्यम विचारत नाही. कलबुर्गीला बंदेनवाजांच्या उरुसातही तेच. जत्रेत आपण एकत्र असतो. वेगळे होतो ते पुस्तक उघडल्यावर.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढच्या अंकात मराठी विभागातल्या दोघांनी कन्नडमध्ये लिहावे आणि कन्नड विभागातल्या दोघांनी मराठीत. चुका होतील, होऊ द्याव्यात. प्राध्यापकांनी शुद्धलेखन तपासावे, पण हसू नये. आणि दोन्ही विभागांची मिळून एक सहल माणिकनगरला काढावी. त्यासाठी समुद्र लागत नाही. एक बस पुरे.

सूचना करणाऱ्याने पहिले नाव द्यावे, हा नियम मला मान्य आहे. गेल्या वर्षीच्या अंकातली एक कन्नड कथा मी परवा अक्षर अक्षर लावत वाचली. साडेतीन पानांना दीड तास लागला. ती माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राची निघाली. त्याने आपल्या आजीवर लिहिले होते, आणि वर्षभर शेजारी बसून मला त्याची आजी गेल्याचे माहीत नव्हते.