जीव वाचला, पण हाताचं काय?

बाईकवरून पडून डोक्याला मार लागलेला मित्र आयसीयूतून बाहेर आला की आपण लगेच स्टेटस ठेवतो, ‘भाऊ परत आला’. दोन महिन्यांनी त्याच्या घरी जाऊन पाहा. अनेकदा कोपर वाकलेलं, मूठ मिटलेली आणि टाच जमिनीला टेकत नाही, असं दिसतं. सांधे आखडलेले असतात. याबद्दल मात्र आपण कुणी बोलत नाही.

मेंदूला इजा झाली की काही स्नायू सतत ताठ राहतात. त्यात माणूस पडून. एकाच स्थितीत राहिलेला स्नायू हळूहळू आखूड होतो. आणि घरातले म्हणतात, ‘‘निजू द्या त्याले, मेंदूले मार लागला हाय.’’ माया खरी, सल्ला चुकीचा. प्रकृती स्थिर झाल्यावर डॉक्टरांना विचारून हालचाल सुरू व्हायलाच हवी, अगदी आयसीयूतसुद्धा.

दुसरे असतात तेल लावून हात जोरात खेचणारे. तेही नको. लुळ्या हाताला धरून उठवलं तर खांदा निसटू शकतो. सांधा गरम लागला, सुजला तर मालिश थांबवून डॉक्टर गाठा. अशा दुखापतीनंतर कधीकधी सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होतं.

बरं, नुसतं ताणूनही भागत नाही. कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये 49 अभ्यास एकत्र तपासले. काही महिने नुसतं ताणून सांध्याच्या हालचालीत म्हणावा तसा फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे फिजिओथेरपी सोडा, असं नाही. बसवणं, आधाराने उभं करणं, दुसऱ्या हाताने का होईना पण ताट, पेला स्वतः धरायला लावणं, झोपताना हातपाय नीट ठेवणं, गरज पडली तर ताठरपणा कमी करणारी औषधं, हे सगळं मिळून उपचार होतो. तो दिवसभर चालतो आणि बराचसा घरीच होतो.

इथेच आपल्या जिल्ह्याची अडचण आहे. सोळा तालुके. यवतमाळला मेडिकल कॉलेज आहे, पण उमरखेड किंवा झरी-जामणीहून व्हीलचेअरवरच्या माणसाला आठवड्यातून तीनदा एसटीने कोण आणणार? मजुरी बुडवून? माझं म्हणणं एवढंच, की सुट्टी देताना गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत घरच्यांना व्यायाम करून दाखवला पाहिजे, त्यांच्याकडून करून घेतला पाहिजे आणि पुढची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात ठरली पाहिजे.

तोवर तुम्ही एक करू शकता. सुट्टीच्या दिवशी त्याच्या आईसोबत दवाखान्यात जा. फिजिओ काय दाखवतात त्याचा त्यांना विचारून मोबाईलवर व्हिडिओ काढा. दिवसातून किती वेळा, कुठपर्यंत, दुखलं तर काय, हे विचारून घ्या. आणि संध्याकाळी चौकात बसण्याआधी अर्धा तास त्याच्याकडे जा.