ज्या खेळाला शेवट नाही

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीहून एक गृहस्थ पॉलिटेक्निकला असलेल्या मुलाला घेऊन ओपीडीत आले. "साहेब, पोट्टा रातभर कंप्युटरवर राकेट उडवते अना दिवसा झोपते. येसन लागलं जी याले."

खेळ होता 'केर्बल स्पेस प्रोग्राम'. त्यात काय आवडतं, असं विचारल्यावर मुलगा पहिल्यांदा मान वर करून बोलला. "दोन यानं जोडायला, सर. पुढचं यान गाठायचं तर आधी वेग कमी करायचा. मग कक्षा खाली येते, फेरी लवकर पूर्ण होते आणि आपण त्याला गाठतो." उत्तर अचूक होतं. भौतिकशास्त्राच्या पेपरात हाच मुलगा नापास झाला होता.

हे वेड आजचं नाही. 1984 मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी 'एलिट' हा खेळ अवघ्या 32 केबी स्मृतीच्या संगणकावर बसवला. त्यात 8 दीर्घिका आणि प्रत्येकीत 256 ग्रह होते. ते साठवून ठेवलेले नव्हते, लागतील तसे गणिताने तयार होत. कुणी व्यापार करी, कुणी लुटालूट. कसं खेळायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. 2016 च्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये तर 18 वर 18 शून्यं इतके ग्रह आहेत. तो कुणाचाच पूर्ण बघून होणार नाही, तरी लोक खेळतातच.

का खेळतात? रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात : स्वतः निर्णय घेता येणं, काहीतरी जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं असणं. खेळांची ओढही याच गरजांशी जोडलेली असल्याचं रायन व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं. आता आपल्या मुलांचा दिवस बघा. शाखा गुणांनी ठरते, वेळापत्रक कॉलेज ठरवतं आणि एकदा नापास झालं की शिक्का बसतो. खेळात रॉकेट दहा वेळा फुटतं, कुणी ओरडत नाही, अकराव्यांदा ते उडतं. मुलगा तिथे रमला तर नवल काय?

म्हणून हे व्यसन नाही का? जागतिक आरोग्य संघटनेच्या, 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण त्याचा निकष तासांचा नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. हा मुलगा त्यात बसत नव्हता. त्याला कमी पडत होती ती झोप.

तरीही या खेळांत एक धोका आहेच. सिनेमा संपतो, क्रिकेटचा सामना संपतो, हा खेळ संपत नाही. 'आणखी एकच फेरी' करता करता पहाट होते. थांबण्याची वेळ खेळ सांगत नाही, ती आपणच ठरवावी लागते. म्हणून सुरू करण्याआधीच शेवट ठरवावा : एक मोहीम झाली की बंद. झोपण्याच्या तासभर आधी पडदा बंद, संगणक झोपायच्या खोलीबाहेर. पालकांनी मध्येच वायर ओढू नये, त्याने फक्त भांडण वाढतं. वरची लक्षणं दिसत असतील तर 'टेली मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावं किंवा डॉक्टरांना भेटावं.

वडिलांना मी एकच काम सांगितलं : रोज संध्याकाळी अर्धा तास पोराजवळ बसा, काय करतो ते त्याच्याकडूनच समजून घ्या.

"मले का समजन जी?"

"त्याला समजावू द्या. नंतर अंगणात जाऊन खरं आभाळही बघा."

महिन्याने दोघांना पुन्हा बोलावलं आहे. झोपेच्या वेळा लिहिलेली वही सोबत आणायची आहे.