गाडी घरची, माल दुकानाचा. मग विमा कशाचा?

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये दुकानांची शटर वर जाऊ लागली की समोर व्हॅन येऊन उभ्या राहतात. एकीतून फरसाणाचे डबे उतरतात, दुसरीतून कापडाचे गठ्ठे, तिसरीतून केटररची पातेली. रविवारी संध्याकाळी हीच व्हॅन मुलाबाळांना घेऊन मैत्री बागेत जाते. नंबर प्लेट पांढरी, आरसी बुकात ‘खासगी’ अशी नोंद आणि विमाही खासगी गाडीचाच. ‘विमा आहे ना?’ असे कोणी विचारले तर मालक लगेच खणातून पॉलिसी काढून दाखवतो. पण ती पॉलिसी त्याने शेवटपर्यंत वाचलेली नसते.

वाचली असती, तर ‘वापराची मर्यादा’ या मथळ्याखाली तीन-चार ओळी सापडल्या असत्या. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाडे किंवा मोबदला घेऊन गाडी चालवणे, नमुन्यांखेरीज किंवा स्वतःच्या सामानाखेरीज माल वाहून नेणे, शर्यती वगैरे गोष्टी वगळलेल्या असतात. म्हणजे साड्यांच्या दुकानदाराने बँकेत जाण्यासाठी किंवा व्यापाऱ्याला दोन-चार साड्यांचे नमुने दाखवण्यासाठी गाडी काढली तर तक्रार नाही. त्याच गाडीतून रायपूरहून साड्यांचे गठ्ठे आणले, की तो पॉलिसीच्या बाहेर गेला.

‘माल माझा, गाडी माझी, भाडे कोणाकडूनच घेतलेले नाही, मग ही मालवाहतूक कशी?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. मालवाहू वाहनाच्या व्याख्येत केवळ मालासाठी बांधलेली वाहने येतात असे नाही. तशी बांधणी नसलेले वाहनही मालासाठी वापरले, की ते त्या व्याख्येत येते. व्हॅनच्या मागच्या सीट काढून पोती भरणाऱ्यांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

तरीही लोक खासगी विमाच का घेतात? कारण उघड आहे, हप्ता. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसी इंजिनाच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये होता. साडेसात हजार किलोपर्यंतच्या चारचाकी मालवाहू गाडीचा १६,०४९ रुपये, कर वेगळा. लहानशी व्हॅन असो की तिच्या कितीतरी पट वजनाचा टेम्पो, या गटात दर एकच! लहान व्यापाऱ्याला हा अन्याय वाटतो आणि त्याचे वाटणे अगदीच चूक म्हणता येणार नाही. फरक होतो १२,६३३ रुपयांचा. फरसाणाच्या दुकानात एवढी रक्कम सुटायला किती किलो शेव विकावी लागते, हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाच ठाऊक.

आता हा फरक वाचवून पुढे काय होते, ते पाहू. समजा, पॉलिसीत व्हॅनची किंमत साडेचार लाख धरली आहे आणि राजनांदगावच्या रस्त्यावर ती ट्रकवर आदळून भंगारात निघाली. सर्व्हेअर येतो. मागे सांडलेले तेलाचे डबे, पावत्या, दुकानाचे नाव छापलेल्या पिशव्या यांचे फोटो घेतो. काही दिवसांनी ‘वापराच्या अटीचा भंग’ असे कारण देऊन दावा नामंजूर झाल्याचे पत्र येते.

येथे गाडीमालकाची बाजू अगदीच लंगडी नाही. गाडी खासगी म्हणून विमा उतरवलेली आणि वापर भाड्याचा, अशी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. २००८ मध्ये गाडीच्या चोरीच्या प्रकरणात आणि २०१० मध्ये अपघाताच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की एवढ्या कारणावरून संपूर्ण दावा फेटाळू नये. त्याची भरपाई ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने द्यावी. या पद्धतीत वापराच्या अटीचा भंग झाला असेल, तर मान्य रकमेच्या जास्तीत जास्त ७५ टक्के मिळू शकतात. साडेचार लाखांचे होतात ३,३७,५०० रुपये. बुडाले १,१२,५००. हिशेबी दुकानदार येथे बोटे मोडून म्हणेल, की दरवर्षी बारा हजार वाचवले तर नऊ वर्षांत ही रक्कम भरून निघते, मग काय बिघडले? ग्राहक आयोगातल्या खेपा त्याने धरलेल्या नाहीत आणि त्या काळात गाडीशिवाय धंदा कसा चालवायचा हेही धरलेले नाही. तरी केवळ स्वतःच्या गाडीपुरता त्याचा हिशेब जवळपास बरोबर येतो. म्हणूनच हा मोह सुटत नाही.

खरा हिशेब समोरच्या माणसाचा आहे. व्हॅनखाली एखादा सायकलस्वार आला आणि दगावला. वय ३४, स्वतःचा छोटा व्यवसाय, महिन्याची कमाई वीस हजार, घरी पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या रीतीने दावा न्यायाधिकरण त्याची भरपाई काढते. कमाईत भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे. झाले २८ हजार. चार माणसे त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा; उरले २१ हजार. वर्षाचे २,५२,०००. या वयाला गुणक १६. एकूण ४०,३२,००० रुपये. अंत्यविधी वगैरेंची रक्कम आणि व्याज वेगळे.

हे चाळीस लाख कोणी द्यायचे? विमा योग्य असेल तर कंपनीने. मात्र गाडी भाड्याने चालवण्याचा परवाना नसताना भाडे घेऊन चालवली असेल, तर कायद्याच्या कलम १५० ने कंपनीला बचाव दिलेला आहे. शेजारच्या दुकानदाराचा माल पाचशे रुपये घेऊन पोहोचवणे, लग्नाची माणसे दुर्ग स्टेशनवरून पैसे घेऊन आणणे, कंत्राटदाराकडे कामगारांसाठी व्हॅन लावणे हे सारे यात येते. मृताचे कुटुंब वाऱ्यावर पडू नये म्हणून न्यायालये बहुधा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालानुसार ही वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. विनापरवाना गाडीबद्दल २०१८ मध्येही न्यायालयाने हीच दिशा कायम ठेवली. स्वतःचाच माल नेताना भाडे घेतलेले नसते, त्यामुळे तेथे कंपनीची बाजू इतकी भक्कम नसते. पण वाद ती घालतेच, आणि वकील मालकालाच लावावा लागतो.

येथे गृहिणींनी जरा थांबावे. पुष्कळ घरांत व्हॅन पत्नीच्या नावावर घेतलेली असते. कुठे कर्जाच्या सोयीसाठी, कुठे दुकान तिच्या नावावर म्हणून. आरसी बुकात जिचे नाव, ती कायद्याने मालक. वसुलीची नोटीसही तिच्याच नावाने येते, मग तिने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नसला तरी! जुनी व्हॅन विकून पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदलले नाही, तरी हीच गत होते. नाव न बदललेल्या गाडीच्या अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. मारुतीने ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबवले तरी त्या गाड्या हातोहाती फिरत राहिल्या आहेत. आपली जुनी ओम्नी आज कोणाच्या नावावर आहे, हे एकदा पाहून घेतलेले बरे.

व्हॅनच्या मागे पातेल्यांवर बसून जाणाऱ्या पोऱ्याचा विचार तर कोणीच करत नाही. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस बसला तर त्याला संरक्षण आहे. फुकट बसवून घेतलेल्या प्रवाशाला नाही. कायद्यातच तसे म्हटले आहे. केटररने ‘चल, रस्त्यात सोडतो’ म्हणून ओळखीच्याला मागे बसवले, तर त्याच्या दुखापतीची जबाबदारी केटररच्या गळ्यात पडते. पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्यासाठी पॉलिसीत माणशी ५० रुपये जादा भरून कायदेशीर जबाबदारीचे कलम, म्हणजे ‘आयएमटी २८’, घेता येते. पन्नास रुपये! एवढे स्वस्त कलमही कित्येक पॉलिसींत नसते, कारण ते कोणी मागत नाही.

माग काढायचे दुसरे कलम ‘आयएमटी २३’. धंद्याच्या गाडीचा विमा खासगी गाडीच्या विम्यापेक्षा येथे कंजूष असतो. नुसता दिवा, टायर, मडगार्ड, बंपर किंवा रंग यांचेच नुकसान झाले तर या जादा कलमाशिवाय भरपाई मिळत नाही. बाजाराच्या गर्दीत व्हॅनला जे घासते, ते नेमके हेच. आणि गाडीतला माल? तो मोटार पॉलिसीत मुळीच येत नाही. व्हॅन उलटून पन्नास हजारांची मिठाई रस्त्यावर पडली, तर त्यासाठी मालवाहतुकीचा वेगळा विमा लागतो.

ज्याला हे सारे रीतसर करायचे आहे, त्याने सुरुवात एजंटकडून न करता दुर्गच्या आरटीओपासून करावी. आरसीवर ‘खासगी’ असताना मालवाहू गाडीची पॉलिसी मिळत नाही. आधी गाडीचा वर्ग बदलावा लागतो. कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र, फिटनेस, कराचा फरक आणि मग पिवळी प्लेट. सीट काढायच्या असतील किंवा गॅस किट बसवायचे असेल तर त्याचीही आरसीवर नोंद हवी, आणि किटची पॉलिसीतसुद्धा. एक दिलासा असा, की एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती आणि बहुतेक व्हॅन त्यात बसतात. माणसे वाहायची असतील तर मात्र परमिट हवेच, मग ती शाळेची मुले का असेनात.

ड्रायव्हरच्या लायसन्सवरून होणारी अडवणूकही आता कमी व्हायला हवी. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याने साडेसात हजार किलोपर्यंतची धंद्याची गाडी चालवली तर वेगळी नोंद लागत नाही, असे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरवले. घातक माल नेणाऱ्या गाड्यांना मात्र ही सवलत नाही.

दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. छत्तीसगडचे काम भोपाळचे कार्यालय पाहते. फी नाही, वकील चालत नाही. एकट्या मालकीचे दुकान असेल तर त्यालाही ही दारे उघडी आहेत. नकाराचे पत्र आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोहोचायला हवा; सोबत पॉलिसी, आरसी, सर्व्हेअरने दिलेले कागद आणि त्या दिवशी गाडीत काय होते त्याची खरी पावती.