स्मृतिभ्रंश आणि शुश्रूषेचे श्रम

केंद्र शासनाने 2024 साली सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेतले, हे स्वागतार्हच होते. परंतु वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांपुरते आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण वर्षानुवर्षे आजारी असतो आणि त्यातला फारच थोडा काळ रुग्णालयात काढतो. हा आजार बरा करणारे औषध नाही. शुश्रूषा करता येते, आणि ती घरातच, रात्रंदिवस करावी लागते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीय स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांच्यासाठी या योजनेत खाट आहे, माणूस नाही.

हा माणूस म्हणजे बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तिच्या श्रमांची किंमत शून्य धरली जाते. ज्यांना परवडते ते ब्यूरोकडून ‘मावशी’ आणतात: बारा तासांची पाळी, रजेचा पत्ता नाही, आणि पगारात ब्यूरोचा वाटा.

या मावशीचे काम नेमके काय असते? अंघोळीला नकार देणाऱ्या वृद्धेशी वाद न घालता तासाभराने पुन्हा विचारायचे. तिन्हीसांजेला ‘मला घरी जायचंय’ म्हणून बेचैन झालेल्या आजोबांना, हेच घर आहे असे पटवत न बसता, अंगणात दोन फेऱ्या मारून आणायचे. घास गिळला की नाही ते पाहूनच पुढचा भरवायचा, कारण गिळण्याची क्रिया बिघडली की अन्न श्वासनलिकेत जाते. रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. ज्याला सांगता येत नाही त्याचे दुखणे चेहऱ्यावरून ओळखायचे. याला अकुशल काम म्हणणे ही मजुरी कमी देण्याची सोय आहे, दुसरे काही नाही. शिवाय ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा हात यांवाचून ही शुश्रूषा होतच नाही. अपुऱ्या पगारामुळे दर महिन्याला मावशी बदलली की रुग्णाचे भयही दर महिन्याला नवे होते. कामगाराच्या सेवाशर्ती येथे उपचाराचाच भाग ठरतात.

जर्मनीने 1995 साली व जपानने 2000 साली शुश्रूषेसाठी सामाजिक विमा सुरू केला. ते देश श्रीमंत आहेत, असे उत्तर मिळेल. पण केरळ श्रीमंत नाही. 2008 साली वेदनाशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारून तेथे पंचायतींच्या साह्याने परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही 2008 चाच आहे. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची त्याखाली स्वतंत्र नोंद, प्रशिक्षण आणि किमान वेतन यांना प्रारंभ व्हावा. तालुक्याच्या गावी निदान एक दिवसपाळीचे शुश्रूषाकेंद्र उघडावे. घरातल्या सुनेला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळतील, एवढी तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पाला जड नाही.