रानचें मांस आणि चुलीचा विस्तव

रानांतील जनावर मोकळ्या वाऱ्यांत हिंडतें, झऱ्याचें पाणी पितें, माणसाच्या घाणीपासून दूर राहतें. म्हणून त्याचें मांस निर्मळ असतें आणि तें कच्चें किंवा अर्धवट भाजून खाल्लें तरी अपाय होत नाहीं, अशी समजूत सुशिक्षितांतहि आढळते. कच्चें मांस हेंच मनुष्याचें मूळचें अन्न, असें हिरीरीनें सांगणारेहि अलीकडे निघाले आहेत. (ज्यांनीं रानडुकराला चिखलांत लोळतांना पाहिलें आहे ते ह्या निर्मळपणाला हंसतील, पण तें असो.) ही समजूत खोटी तर आहेच, परंतु तिचा खरा वाईटपणा असा कीं, तिचें फळ ती बाळगणाऱ्या एकट्यालाच मिळत नाहीं, त्याच्या पंक्तीला विश्वासानें बसलेल्यांनाहि भोगावें लागतें.

इ. स. २०२२ सालीं अमेरिकेंतील साउथ डकोटा संस्थानांत एका कुटुंबांतील मंडळी एकत्र जमली होती. त्यांच्यापैकीं एकानें कॅनडाच्या उत्तरेकडील रानांत मारलेल्या अस्वलाचें मांस भाज्यांबरोबर सळईवर भाजण्यांत आलें. तें मांस मूळचेंच काळसर असल्यामुळें शिजलें कीं नाहीं हें रंगावरून कळेना. कांहींनीं खाण्यास आरंभ केल्यावर तें कच्चें असल्याचें ध्यानांत आलें, व तें पुन्हां विस्तवावर ठेवण्यांत आलें. पण व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. सहा माणसें आजारी पडलीं. त्यांपैकीं दोघांनीं मांसाला स्पर्शहि केला नव्हता. त्यांनीं मांसाबरोबर भाजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या.

ह्या रोगाचें कारण ट्रिकिनेला नांवाचा कृमि. त्याच्या शोधाची हकीकत विद्यार्थ्यांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इ. स. १८३५ मध्यें लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत शिकत असलेल्या जेम्स पॅजेट ह्या एकवीस वर्षांच्या तरुणाला एका प्रेताच्या स्नायूंत बारीक पांढरे कण दिसले. असे कण त्याच्या गुरूंनीं व सोबत्यांनींहि पाहिले होते. परंतु हाडाचा चुरा समजून ते सोडून देत. पॅजेटनें ते निरखून पाहिले. जवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें, म्हणून तो तें मिळविण्यासाठीं ब्रिटिश म्यूझियममध्यें रॉबर्ट ब्राउन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेला. कणाकणांत वेटोळें घालून बसलेला एकेक कृमि होता! पुढें पंचवीस वर्षांनीं ड्रेस्डेन येथें झेंकर नांवाच्या पंडितास, विषमज्वरानें मेली असें समजल्या गेलेल्या एका मोलकरणीच्या स्नायूंत हेच कृमि आढळले, आणि तिच्या धन्याच्या घरीं उरलेल्या डुकराच्या मांसांतहि ते सांपडले.

असें मांस पोटांत गेलें म्हणजे जठररसानें कृमींचें कवच विरघळतें. ते आंतड्यांत वाढतात, तेथें त्यांची वीण होते, आणि पिल्लें रक्ताबरोबर फिरत जाऊन स्नायूंत घर करितात. आधीं पोट बिघडतें, मग ताप येतो, डोळ्यांभोंवतीं सूज येते, अंग ठणकूं लागतें. ज्या जनावरापासून हें सारें आलें तें मात्र बाहेरून धडधाकट दिसत असतें. मांसाला वास नाहीं, रंगांत फरक नाहीं. अस्वल काय किंवा रानडुक्कर काय, वाटेंत मेलेलें जनावर सांपडलें तर सोडीत नाहीं, आणि त्या प्रेतांतूनच कृमि त्याच्या अंगांत शिरतो. ज्या मोकळेपणाची आपण स्तुति करितों त्यांतूनच हा रोग येतो.

कोणी म्हणेल, हरिण तर केवळ पाला खातें. जपानांत ह्योगो प्रांतांतील दोन कुटुंबांतल्या चौघांनीं हरणाचें मांस कच्चें खाल्लें, आणि कांहीं आठवड्यांनीं त्यांना हिपॅटायटिस-ई हा यकृताचा विकार झाला. ही हकीकत इ. स. २००३ सालची. त्या मांसाचा कांहीं भाग शीतपेटींत शिल्लक होता; तो तपासतां त्यांतील विषाणु व रोग्यांच्या शरीरांतील विषाणु एकच ठरले. मांस गोठविलें म्हणजे काम झालें, हाहि भरंवसा व्यर्थ आहे. साउथ डकोटांतील तें अस्वल पंचेचाळीस दिवस गोठवून ठेविलें होतें, पण उत्तर ध्रुवाकडील ह्या कृमीची जात बर्फांतहि जिवंत राहते. मीठ, धुरी, वाळवण ह्यांचीहि खात्री देतां येत नाहीं. गाभ्यापर्यंत ७४ अंश सेंटिग्रेड उष्णता पोंचली पाहिजे, आणि ती डोळ्यांनीं नव्हे, उष्णतामापकानें पाहिली पाहिजे.

एक आक्षेप मात्र आदरानें ऐकण्यासारखा आहे. इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या कच्चें मांस खात आले. जेथें भाजीपाला उगवत नाहीं तेथें त्या मांसानेंच त्यांना स्कर्व्हीपासून वांचविलें. त्यांना रानटी म्हणणें हा आपला अडाणीपणा होय. परंतु हेच लोक आज काय करितात? कॅनडांतील नुनाविक प्रदेशांत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून असा परिपाठ आहे कीं, वॉलरस मारला म्हणजे शिकारी त्याच्या जिभेचा तुकडा तपासणीस पाठवितात, आणि निर्णय येईपर्यंत गांव थांबतें. कच्चें खाण्याचा ज्यांचा अधिकार सर्वांत मोठा, तेच थांबतात.

वल्हांडणाचें कोंकरूं कच्चें न खातां विस्तवावर भाजावें, अशी आज्ञा निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत आहे. त्यांत कृमिशास्त्र शोधणें मला पसंत नाहीं. परंतु तें वचन आपल्या मुलांना पाठ आहे, म्हणून त्याची आठवण दिली.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध घातले आहेत, तेव्हां आपल्या चुलीवर अस्वल येण्याचें भय नाहीं. पण आपलीं मुलें उद्यां परदेशीं शिकावयास जातील व तेथें कोणाच्या तरी घरीं जेवावयास बसतील. वाढलेलें ताट नाकारूं नये असें आपणच त्यांना शिकविलें आहे. पालकांनीं आतां त्यांना एवढी मोकळीक द्यावी कीं, मांस आंतून तांबडें दिसलें किंवा शंका आली, तर यजमानास 'हें आणखी थोडें भाजाल का?' असें त्यांनीं निःसंकोच विचारावें. आणि शेजारची भाजी त्याच सळईवरची असेल, तर तिच्याविषयींहि विचारावें.