शून्याचा इतिहास अर्धाच का शिकायचा?

नवीन शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून महाविद्यालयांत ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा विषय शिकवला जाऊ लागला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या सूचनांनुसार विद्यार्थ्यांनी किमान ५ टक्के श्रेयांक या विषयाचे घ्यावेत, अशी अपेक्षा आहे. आपल्या काही घरांत यावर प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘हे त्यांचं आहे, आपलं नाही.’ ही समजूत एकदा तपासून पाहायला हवी, असे आम्हाला वाटते.

उर्दूत शून्याला आपण ‘सिफर’ म्हणतो. हा अरबी शब्द म्हणजे संस्कृत ‘शून्य’चाच अर्थ : रिकामे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्य आणि ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले. पुढच्या शतकात खलिफा अल-मन्सूर यांच्या काळात भारतीय खगोलशास्त्राचे ग्रंथ बगदादला पोहोचले आणि त्यांचे अरबीत भाषांतर झाले. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी यांनी हिंदी गणनपद्धतीवर पुस्तक लिहिले. त्याच्या लॅटिन भाषांतरातून हे अंक युरोपला कळले आणि लेखकाच्या नावावरूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द तयार झाला. युरोपने या अंकांना ‘अरबी अंक’ म्हटले. अरबांनी मात्र त्यांना ‘हिंदी अंक’च म्हटले. ज्याचे श्रेय त्याला देणे, ही त्या विद्वानांची शिस्त होती.

हा व्यवहार भारतातही चालू राहिला. अल-बिरूनी संस्कृत शिकले आणि १०३० च्या सुमारास त्यांनी ‘किताब अल-हिंद’ लिहिले. त्यात त्यांनी भारतीय गणिताचे कौतुक केले, तसेच जे पटले नाही तेही स्पष्ट सांगितले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे (इ.स. ११५०) फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ मध्ये केले. त्यांच्याच ‘बीजगणित’ ग्रंथाचे फारसी भाषांतर शहाजहानच्या काळात अताउल्लाह रुश्दी यांनी केले. ताजमहालचे वास्तुविशारद मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे त्यांचे वडील.

मग अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी. एक, खऱ्या कामगिरीच्या शेजारी दंतकथा आणून बसवल्या जातात. २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. ज्या ग्रंथाचा त्यासाठी आधार घेतला जातो, तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. ब्रह्मगुप्तांना अशा आधाराची गरज नाही. उलट त्यामुळे खऱ्या कामावरचाही लोकांचा विश्वास उडतो.

दुसरी अडचण आपल्या बाजूची. दंतकथांना कंटाळून आपण संपूर्ण विषयाकडेच पाठ फिरवतो. आपण वर्गात नसलो, तर बगदादचा आणि फैजींचा दुवा तिथे कोण मांडणार? मग तो धडा अर्धाच शिकवला जाईल आणि त्याची तक्रार करायचा हक्कही आपल्याकडे उरणार नाही.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की, मुलांना या विषयापासून दूर ठेवू नका. प्रकल्पासाठी विषय निवडायचा असेल तर ‘लीलावती’ची फारसी भाषांतरे किंवा अंकांचा बगदादमार्गे झालेला प्रवास सुचवा. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरातला शिलालेख दाखवा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ स्थापला, ही माहिती त्यात कोरलेली आहे. विमानाची गोष्ट निघाली तर मुलांनी अदबीने पुरावा विचारावा. आणि ‘सगळे विज्ञान मुसलमानांनीच दिले’ असे आपल्यापैकी कोणी म्हणाले, तर त्यालाही तोच प्रश्न विचारावा. अल-बिरूनींनी दोन्हीकडे हेच केले असते.